बेथेलकरांस पत्र

(रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या जीवनाविषयी)
बी.ए. द्वितीय वर्ष

आमच्या गल्लीत कोणाकडेही कागद आला की तो माझ्यासाठी राखून ठेवतात. बँकेची नोटीस असो, पीकविम्याचे पत्र असो, तहसील कार्यालयाचा कागद असो. घडी घालून तो डब्यात किंवा देवाच्या फोटोमागे खोचून ठेवायचा आणि मी सुट्टीत गावी आले की संध्याकाळी आमच्या ओट्यावर घेऊन यायचा, असा रिवाजच पडला आहे. चौथीत होते तेव्हापासून मी हे काम करीत आले आहे. माझे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे वाचन ही मनातल्या मनात करायची गोष्ट आहे, हे मला फार उशिरा, या कॉलेजच्या ग्रंथालयात आल्यावर कळले. आमच्याकडे वाचणे म्हणजे मोठ्याने वाचणे, आणि तेही चार माणसे ऐकत असताना. हे सगळे आधी सांगण्याचे कारण असे की, ज्या गृहस्थांविषयी मी लिहिणार आहे त्यांच्याकडे माझे लक्ष या सवयीमुळेच गेले.

गेल्या वर्षी इतिहासाच्या सरांनी आम्हाला जिल्ह्याच्या इतिहासावर निबंध लिहायला सांगितला. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी असईची 1803 सालची लढाई घेतली. काहींनी जांबेचे समर्थ रामदास घेतले. मी काय घ्यावे ते ठरत नव्हते. त्याच सुमारास माझी एक ख्रिस्ती मैत्रीण मला एका रविवारी आपल्याबरोबर उपासनेला घेऊन गेली. मी मागच्या बाकावर बसले होते. एक वयस्क गृहस्थ पुढे आले, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचू लागले. ते जे वाचत होते ते पत्र होते. करिंथ नावाच्या गावातल्या लोकांना कोणीतरी लिहिलेले, आणि विषय होता जेवणाचा. हे लोक प्रभूच्या नावाने एकत्र जेवायला जमत, पण ज्यांच्याकडे भरपूर होते ते आधीच जेवून मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. पत्र लिहिणारा त्यावर चांगलाच रागावला होता.

मी चमकलेच. हे करिंथ कोठले ते मला ठाऊक नव्हते, पण ही पंगत मला ठाऊक होती. गावजेवणात कोण आधी बसतो, कोणाला शेवटी आमटीचे पाणी आणि भाताची खरवड मिळते, हे मला कोणी सांगायला नको. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या पत्रात धर्माच्या मोठमोठ्या गोष्टी असतील असे मी समजत होते. तिथे तर आमच्या गल्लीतले भांडण निघाले.

बाहेर पडल्यावर मैत्रिणीने सांगितले की, तिचे पूर्वज बेथेलचे. जालन्याजवळचे हे गाव एका मिशनऱ्याने वसवले आणि तो मिशनरी गोरा साहेब नव्हता, मराठी ब्राह्मण होता. मी सरांकडे गेले. सरांनी नाव सांगितले : नारायण शेषाद्री. मग मी निबंध लिहिला. तो चार पानांचा झाला आणि त्यात माझे समाधान झाले नाही, म्हणून वार्षिकांकासाठी हा पुन्हा लिहीत आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. कोणत्या धर्माची बाजू मांडावी असा माझा हेतू नाही, हे सुरुवातीलाच सांगते.

नारायण शेषाद्री यांचा जन्म 1820 च्या आसपासचा. शिक्षण मुंबईला, डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये सुरू केलेल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. याच शाळेचे पुढे विल्सन कॉलेज झाले. त्या काळी मुंबईत इंग्रजी शिकण्याची इच्छा असणाऱ्या मुलापुढे फार वाटा नव्हत्या. आईबाप मुलाला मिशनच्या शाळेत घालीत ते इंग्रजीसाठी, आणि बायबलचा तास हा त्या इंग्रजीबरोबर गळ्यात पडणारा कर समजून सोडून देत. पण काही मुले त्या तासालाच जास्त लक्ष देऊन ऐकत. नारायणराव त्यांपैकी एक. त्यांचे शिक्षक रॉबर्ट नेसबिट हे मराठी उत्तम जाणणारे गृहस्थ होते. 1843 मध्ये नेसबिटांच्या हस्ते नारायणरावांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा ते विशीतले होते. म्हणजे आपल्या तृतीय वर्षाच्या मुलांहून फार मोठे नव्हेत.

एवढ्यावर निभावले नाही. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनच्या घरी राहायला गेला होता. त्याचे वय बारा वर्षांच्या सुमाराचे. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात अर्ज केला की, आपला मुलगा आपल्याला परत मिळावा. याच्या आधी, 1839 मध्ये, धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाचा असाच खटला झाला होता आणि कोर्टाने त्याला वाटेल तिकडे जाण्याची मोकळीक दिली होती. श्रीपाद मात्र अजाण ठरला आणि कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले, पण खरे प्रकरण त्यानंतरच सुरू झाले. मुलगा मिशनऱ्याच्या घरी जेवला होता. तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घेता येईल की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी घ्यावे असा पक्ष घेतला. जुन्या मताच्या मंडळींनी मुळीच घेऊ नये असे म्हटले. मुंबईच्या ब्राह्मणवर्गात त्यावरून तट पडले आणि बाळशास्त्र्यांसारख्या विद्वानालाही फार त्रास सोसावा लागला.

मला या सगळ्यात त्या बारा वर्षांच्या मुलाची कीव येते. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला वडील, मध्ये न्यायाधीश, आणि शेवटी वाद कशाचा, तर त्याने कोणाच्या ताटातले खाल्ले याचा. इतिहासाच्या पुस्तकात हे प्रकरण बाळशास्त्री जांभेकरांच्या सुधारकी बाण्याचे उदाहरण म्हणून येते, आणि ते बरोबरच आहे. परंतु थोरल्या भावाच्या बाजूने कोणी पाहत नाही. नारायणरावांच्या एका निर्णयाने घर दुभंगले, आणि धाकटा भाऊ कोर्टाच्या हुकमाने दूर गेला. पुढे साऱ्या आयुष्यात त्यांनी जे केले ते या गोष्टीचे ओझे पाठीवर घेऊनच केले असणार, असे मला वाटते.

त्याच 1843 सालात स्कॉटलंडमध्येही फूट पडली. सरकारी वळणाची मंडळी एका बाजूला राहिली आणि बाहेर पडलेल्यांनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड काढले. मुंबईचे विल्सन, नेसबिट हे फ्री चर्चच्या बाजूने गेले. शाळेची इमारत जुन्या मंडळीकडे राहिली आणि यांना सगळे नव्याने उभारावे लागले. नारायण शेषाद्री या फ्री चर्चचे झाले. शिकवणे, प्रवचन करणे, पुढे पाळक म्हणून दीक्षा, असा त्यांचा क्रम आहे. ही वर्षे मी भरभर ओलांडते, कारण आपल्या जिल्ह्याशी त्यांचा संबंध येतो तो त्यानंतर, 1860 नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत.

त्या वेळचे जालना डोळ्यांसमोर आणले पाहिजे. मुलूख निजामाचा. कुंडलिकेच्या काठी पेठ, व्यापार, कापूस. आणि शेजारी लष्कराची छावणी. आगगाडी नव्हती, ती विसाव्या शतकाच्या तोंडावर आली. मुंबईहून इथवर येणे म्हणजे निम्मा प्रवास बैलगाडीचा. इंग्रजी राज्यातला, इंग्रजी शिकलेला, मुंबईत मान असलेला माणूस हे सगळे सोडून इकडे का आला असेल? मिशनच्या आज्ञेने आला, हे सरळ उत्तर झाले. पण आल्यावर त्याने ज्यांच्यात काम केले त्याचे कारण आज्ञेत सापडत नाही. ते मुख्यतः मांग आणि महार वस्त्यांत गेले. त्यांतही मांग समाजातून त्यांच्याकडे अधिक माणसे आली.

मांग हे गावगाड्यातले बलुतेदार. दोर वळायचे, शिंकी-सोल करायचे, केरसुण्या बांधायच्या, हलगी वाजवायची, आणि त्याबद्दल सुगीला खळ्यावरचा वाटा घ्यायचा. हा वाटा म्हणजे पगार नव्हे. तो गाव देईल तेव्हा आणि देईल तेवढा. ज्याने धर्म बदलला त्याने देवाच्या जत्रेत हलगी वाजवायची की नाही? नाही वाजवली तर खळ्यावर त्याला कोण उभे करणार? शिकलेल्या माणसाला धर्मांतर म्हणजे विचारांचा प्रश्न वाटतो. इथे तो भाकरीचा प्रश्न होता. शेषाद्रींना हे उमगले, आणि मला वाटते त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम त्यातूनच झाले. त्यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जालन्याजवळ शेकडो एकर जमीन मिळवली आणि तिच्यावर या लोकांचे स्वतंत्र गाव वसवले. त्याला नाव दिले बेथेल. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ देवाचे घर. बायबलातल्या याकोबाची गोष्ट अशी की, घर सोडून एकटा चाललेला असताना तो उघड्या माळावर दगड उशाला घेऊन निजला, त्याला स्वप्न पडले, आणि त्या माळाला त्याने हे नाव दिले. घर सोडून आलेल्या माणसाला हेच नाव सुचावे यात नवल नाही.

ज्यांचे घर पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर, त्यांचे आता स्वतःचे गाव झाले. विहीर त्यांची, शाळा त्यांची, प्रार्थनामंदिर त्यांचे. सालारजंग मुसलमान, जमीन निजामाची, पैसा स्कॉटलंडचा, वसवणारा ब्राह्मण कुळातला आणि राहणारे मांग. अशी मोट दुसरीकडे कुठे बांधली गेली असेल असे वाटत नाही.

आता मला त्या पत्राकडे परत गेले पाहिजे. ते लिहिणारा पौल. तार्ससचा यहुदी, ग्रीक बोलणारा, रोमचा नागरिक. आधी ख्रिस्ताच्या अनुयायांचा छळ करणारा, मग त्यांच्यातलाच एक झालेला. तंबू शिवण्याच्या धंद्यावर पोट भरीत तो गावोगाव फिरला. थेस्सलनीका, करिंथ, फिलिप्पै या शहरांत त्याने लहानलहान मंडळ्या उभ्या केल्या आणि पुढच्या गावी गेला. मागे राहिलेल्या मंडळीत काही बिनसले की त्याला निरोप येई आणि तो पत्र पाठवी. त्याची सर्वांत जुनी समजली जाणारी पत्रे इसवी सन 50 च्या सुमाराची आहेत. म्हणजे ख्रिस्ताचे चरित्र सांगणारी शुभवर्तमाने लिहिली जाण्याच्याही आधीची. त्याच्या नावावर 13 पत्रे आहेत. त्यांतली 7 निश्चित त्याचीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

मैत्रिणीकडून मराठी नवा करार आणून मी ही पत्रे वाचली. सगळी समजली असे म्हणणार नाही. रोमकरांस पत्राने तर मला घाम फोडला. पण त्यांच्या कडेकडेला जे सापडते ते मला फार आवडले. करिंथची भांडणे पौलाला कळली कशी? तर ख्लोवे नावाच्या बाईच्या घरची माणसे आली आणि त्यांनी सांगितली. रोमकरांस पत्र पौलाने स्वतःच्या हाताने लिहिले नाही. तर्तिय नावाच्या लेखकाने ते लिहून घेतले आणि शेवटी हळूच आपलाही नमस्कार घातला. मी लोकांचे अर्ज लिहिते तेव्हा माझे नाव कोठेच येत नाही, म्हणून हा तर्तिय मला अगदी आमच्या बिरादरीचा वाटला. त्याच पत्रात फिबी नावाच्या बाईची ओळख करून दिली आहे. ते पत्र रोमला नेले ते तिनेच, असे मानतात. आणि पत्र पोहोचले की ते मंडळीपुढे मोठ्याने वाचायचे, कारण ऐकणाऱ्यांत पुष्कळांना वाचता येत नसणार. म्हणजे आमच्या ओट्यासारखेच.

त्यांतले प्रश्न पाहिले म्हणजे बेथेल आठवल्याशिवाय राहत नाही. मूर्तीपुढे ठेवलेला नैवेद्य बाजारात मांस म्हणून विकायला आला तर तो खावा की न खावा? शेजाऱ्याच्या घरी जेवायला बोलावले तर जावे की न जावे? मंडळीतल्या मंडळीत वाद झाला तर सरकारी न्यायालयात जावे काय? अंत्युखियात तर पेत्रासारखा ज्येष्ठ शिष्य आधी परजातीयांबरोबर जेवत असे. पुढे यरुशलेमहून काही कडक मंडळी आली तेव्हा तो पंक्तीतून उठला, आणि पौलाने त्याला चारचौघांत फटकारले. गलतीकरांस पत्रात पौलाने हे स्वतः सांगितले आहे. ज्यांच्या धाकट्या भावाला खाल्लेल्या अन्नावरून जातीबाहेर काढले गेले, ते नारायण शेषाद्री हा भाग वाचताना थांबत नसतील काय?

इथे मला एक अडचण आली आणि तिच्यामुळेच चार पानांचा निबंध अपुरा वाटला. शेषाद्रींचीही पत्रे होती. सर्व मिशनऱ्यांप्रमाणे जालन्याचे वृत्त लिहून स्कॉटलंडला पाठवणे हे त्यांच्या कामाचाच भाग होते. मिशनची मासिके तिकडे असा मजकूर छापीत, तो घरोघर वाचला जाई आणि त्यावर वर्गणी जमे. किती बाप्तिस्मे झाले, शाळेत किती मुले आहेत, पाऊस कसा आहे, विहिरीला पाणी लागले की नाही. पण ही पत्रे बेथेलविषयी होती, बेथेलला नव्हती. ज्यांच्याबद्दल लिहिले ते ऐकायला ओट्यावर बसलेले नव्हते. करिंथमधली भांडणे आज साऱ्या जगाला पाठ आहेत. बेथेलमध्ये पहिल्या वर्षी विहिरीवर कोण कोणाशी भांडले, महार आणि मांग एका पंक्तीला बसले तेव्हा कोण उठून गेले, जुन्या गावच्या जत्रेला चोरून कोण गेले, हे पत्राच्या रूपाने आपल्यापर्यंत आले नाही. मिशनच्या मासिकांत बेथेलची माणसे बोलतात ती मिशनच्या तोंडून बोलतात.

याचा मला प्रथम राग आला. या रागाला खासगी कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आईने मला मुकादमाला द्यायचा अर्ज लिहायला सांगितले. उचलीच्या हिशेबात खाडे जास्त धरले होते. आई सांगत गेली : वडील तापाने फणफणलेले असताना तिने एकटीने मोळ्या कशा बांधल्या, पहाटे तीनला गाडी भरायला कशी उभी राहिली. मी ते सगळे गाळले आणि उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, असा झकास अर्ज लिहिला. वाचून दाखवला. आई गप्प ऐकत होती. मग तिने विचारले की, यात मी सांगितलेले कुठे आहे? हिशेब काही दुरुस्त झाला नाही. माझा अर्ज चांगला असता तरी झाला नसता म्हणा. पण आईचा तो प्रश्न मला विसरता येत नाही.

शेषाद्री जालन्याला येण्याच्या काही वर्षे आधी, 1855 मध्ये, पुण्याच्या फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. तिच्यासाठी दुसऱ्या कोणी लिहिले नाही. तिने स्वतः विचारले की, ज्यांना वेद पाहण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता? असा एखादा निबंध, एखादे पत्र बेथेलच्या मुलीच्या हातचे आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात असते तर, असे मला सारखे वाटत राहिले.

पण पुढे विचार करता माझा राग थोडा निवळला. पौलाची पत्रे का आहेत? तो तिथे नव्हता म्हणून. अनेक पत्रांत मी येणार आहे, यायचे होते पण जमले नाही, असे काहीतरी आहेच. शेषाद्रींना बेथेलकरांना पत्र लिहिण्याचे कारण नव्हते, कारण ते त्यांच्यात होते. भांडण झाले तर ते उठून विहिरीवर जाऊ शकत होते. करिंथकरांना पत्र मिळाले, बेथेलकरांना माणूस मिळाला. पत्र टिकते, माणसाचे बोलणे टिकत नाही, एवढाच काय तो फरक. शिवाय हेही खरे की, पौलाने करिंथकरांना काय लिहिले ते आपल्याकडे आहे. करिंथकरांनी त्याला जे पत्र लिहिले होते, ज्याचा तो स्वतः उल्लेख करतो, ते नाहीसे झाले आहे. तिथेही दुसरी बाजू गेलीच.

एक टीका मात्र मी करीन. पौल करिंथ आणि मासेदोनियाच्या नव्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करून यरुशलेमच्या गरिबांना पाठवीत होता. म्हणजे मुलांकडून आईकडे. स्वतःच्या पोटासाठी करिंथकरांकडून काही घेतले नाही, याचा त्याला अभिमान होता. बेथेलचा पैसा उलट दिशेने आला. समुद्रापलीकडच्या दात्यांवर गावाचा भार राहिला. दोर वळणाऱ्यांचे हात रिकामे नव्हते, पण जमीन, बी-बियाणे, बैल, विहीर हे सारे उभे करायला त्या हातांत भांडवल कोठून येणार? 1876 ते 1878 या वर्षांत दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला, तेव्हा तर हे अधिकच उघड झाले असेल. शेषाद्रींना दुसरा मार्ग होता असे मला वाटत नाही. तरी ज्याच्याकडून पैसा येतो त्याला पत्र जाते, आणि ज्याला पैसा मिळतो त्याच्याविषयी पत्र जाते, हा व्यवहार तेव्हापासून आजपर्यंत तसाच आहे.

या वर्गणीसाठी आणि परिषदांसाठी शेषाद्री स्वतः परदेशी गेले. 1873 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली होती. देशोदेशींचे विद्वान तिथे आले होते आणि त्यांत आपल्या देशी पोशाखात, डोक्याला पागोटे घातलेले नारायण शेषाद्री उभे राहून अस्खलित इंग्रजीत बोलले. स्वामी विवेकानंदांचे शिकागोचे भाषण 1893 चे. त्याच्या वीस वर्षे आधी जालन्याहून गेलेला एक मराठी माणूस अमेरिकेत व्यासपीठावर उभा होता, हे आमच्या वर्गातल्या कोणालाही माहीत नव्हते, मलाही नव्हते. दोघांचे सांगणे अगदी वेगळे, तुलना करण्याचा माझा विचार नाही. पण जालन्याच्या मुलांना असई माहीत असावी आणि हे माहीत नसावे, याचे आश्चर्य वाटते.

न्यूयॉर्कच्या लोकांना त्यांनी मांगवाड्याविषयी काय सांगितले असेल याचा मी पुष्कळ विचार केला. ऐकणाऱ्यांना हिंदुस्थान म्हणजे राजे, हत्ती आणि विधवा. त्यांच्यापुढे केरसुण्या बांधणाऱ्या माणसाचे नवे गाव उभे करायचे, तेही परक्या भाषेत, आणि शिवाय वर्गणीही मागायची. माझ्या अर्जात जशी आईची पहाट राहून गेली, तसे त्यांच्याकडूनही काही राहून गेले असेलच. पण माझ्यात आणि त्यांच्यात एक फरक आहे. मी ज्यांचे लिहिते ते माझेच लोक आहेत, तरी माझ्याकडून गळते. ते तर जन्माने त्या लोकांचे नव्हते. ज्यांची सावली टाळायला लहानपणी शिकवले गेले असेल, त्यांच्यात त्यांनी पुढचे आयुष्य घालवले. हे करण्यासाठी त्यांना आपल्या मनातला केवढा भाग खरवडून काढावा लागला असेल, हे सांगणारे कोणतेही वृत्त स्कॉटलंडला पाठवता येण्यासारखे नव्हते.

बेथेलचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. स्कॉटलंडच्या मंडळ्यांची 1900 आणि 1929 मध्ये पुन्हा जुळवाजुळव झाली. 1948 मध्ये निजामाचे राज्य गेले. 1970 मध्ये उत्तर भारतातल्या निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. 1981 मध्ये औरंगाबाद जिल्ह्यातून निघून आपला जालना जिल्हा झाला. बेथेलची माणसे शिकून शिक्षक झाली, परिचारिका झाली, पुण्या-मुंबईला गेली. माझ्या मैत्रिणीच्या घरात पाचव्या पिढीत शिक्षण आहे. ती माझ्यासारखी मोठ्याने वाचत नाही, मनात वाचते.

नारायण शेषाद्री यांचा मृत्यू 1891 साली झाला. परदेशाच्या आणखी एका दौऱ्यावर असताना, समुद्रप्रवासातच ते वारले. इतकी वर्षे ज्यांच्यात राहिले त्यांच्यापैकी कोणी जवळ नसावे. जालन्याला आगगाडी अजून यायची होती. बातमी तारेने मुंबईला आणि तेथून टपालाने इकडे आली असेल. बेथेलमध्ये तो कागद कोणीतरी उघडला असेल, लोक प्रार्थनामंदिरापुढे जमले असतील, आणि ज्यांना वाचता येत होते त्यांच्यापैकी एकाने तो मोठ्याने वाचून दाखवला असेल. शाळा सुरू होऊन तोवर पुष्कळ वर्षे झाली होती. वाचणारा बहुधा मांगाचाच मुलगा असेल, किंवा मुलगी.